दंडावरची सुई आणि खांद्याचे गाऱ्हाणे

वाचकहो, आपल्या गावातील साठी ओलांडलेल्या कोणाही माणसाचा दंड पाहा. तेथे रुपयाएवढा, मध्ये किंचित खोलगट असा एक गोल वण दिसेल. कोणाच्या दंडावर असे दोन असतील, कोणाच्या दंडावर चारही असतील. पोरे विचारतात, "आज्जा, हे काय हो?" आज्जा सांगतो, "लहानपणी देवी काढल्या होत्या." विषय तेवढ्यावर संपतो.

इतिहास म्हटला म्हणजे आपल्याला देवगिरीचा किल्ला आठवतो, गोदावरीकाठचे नांदेड आठवते, १९४८ सालचा हैदराबाद मुक्तिसंग्राम आठवतो. शिक्षकांनी मुलांना ते सांगावयासच हवे. पण या दंडावरच्या वणालाही इतिहास आहे, आणि तो घराघरातला आहे. त्यातील एका लहानशा, परंतु ज्याच्या वाट्याला येते त्याला पुरेपूर छळणाऱ्या गोष्टीविषयी आज सांगावयाचे आहे.

गोष्ट अशी. फ्लूची, म्हणजे इन्फ्लुएंझाची लस चारचौघांनी दंडात टोचून घेतली. तिघांचे दंड दोन दिवस ठणकले आणि मोकळे झाले. चौथ्याचा खांदा मात्र महिनोन्महिने धरून राहिला. हात वर जाईना, त्या कुशीवर झोपवेना, सदरा अंगात घालताना डोळ्यांत पाणी येऊ लागले. असा माणूस दवाखान्यात गेला तर कधी कधी ऐकावे लागते, "सुईने कोठे खांदा धरतो काय? हे वयाचे दुखणे आहे." आणि पारावर येऊन बसला तर ऐकावे लागते, "बघ, तरी सांगत होतो, सुई घेऊ नको म्हणून!" मंडळी, ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. ती चुकीची का, हे उमजावयाचे तर सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागते.

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली आणि ती लागली. हिंदुस्थानातील ही पहिली यशस्वी लस. इंग्लंडात एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली हे दाखवून दिले होते की, गाईच्या देवीचा द्राव टोचला तर मनुष्य देवीच्या रोगापासून वाचतो. परंतु तो द्राव येथवर आणावयाचा कसा? त्या काळी बर्फाची पेटी नव्हती आणि विमानही नव्हते. उष्ण हवेत लस मरून जाई. म्हणून बगदाद, बसरा या वाटेने ती जिवंत माणसांच्या अंगावरूनच आणावी लागली. एकाच्या दंडावर फोड धरला की त्यातला द्राव दुसऱ्याच्या दंडात घालावयाचा, त्याचा फोड भरला की तिसऱ्याच्या.

पुढे कित्येक वर्षे आपल्या देशात हीच रीत चालली. देवी काढणारा मनुष्य गावात येई, आठवड्याने परत येई, आणि ज्या लेकराचा फोड चांगला भरला असेल त्याचा फोड उघडून द्राव घेई. आयांना हे मुळीच पटत नसे. त्यांचे म्हणणे सरळ होते: एकदा दुखवलेत ते सोसले, आता बरा होत आलेला दंड पुन्हा कशाला उकरता? सरकारी कागदांत या नाराजीला अडाणीपणा म्हटले गेले. परंतु दंडावरून दंडावर द्राव नेताना एका मुलाचा दुसराच एखादा रोग पुढच्या मुलाला जडू शकतो, ही गोष्ट पुढे वैद्यकशास्त्रानेच मान्य केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वासरांच्या अंगावर लस तयार होऊ लागली आणि लेकरांचे फोड उघडण्याची रीत मागे पडली. आयांचे गाऱ्हाणे अगदीच निराधार नव्हते, एवढे त्यावरून दिसून येते.

आता दुसरा प्रसंग पाहू. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, सुरू झाला. वाल्डेमार हाफकिन नावाचा शास्त्रज्ञ त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईत आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत काम करू लागला. तीन महिन्यांत त्याने प्लेगची लस तयार केली. ती प्रथम कोणाला टोचावयाची? १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःलाच टोचून घेतली, आणि तीही इतरांना द्यावयाच्या मात्रेपेक्षा मोठ्या मात्रेत. त्याला ताप आला, टोचल्या जागी चांगलेच दुखले, आणि थोड्या दिवसांत तो बरा झाला. हे सारे नोंदले गेले. सुई टोचल्यावर दुखते ही गोष्ट लस करणाऱ्यानेच पहिल्या दिवसापासून उघड सांगितली, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या काळात आपल्या मुलखातही गाठीच्या रोगाने लोकांना गाव सोडून रानात झोपड्या घालून राहावयास लावले. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून त्या दिवसांच्या आठवणी पुष्कळ घरांत पुढच्या पिढीपर्यंत आल्या. टोचणीने प्राण वाचतात हे लोकांना हळूहळू दिसू लागले होते. आणि नेमक्या त्याच वेळी एक भयंकर घटना घडली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकवाल या गावी १०७ माणसांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ माणसांना एकाच बाटलीतील लस दिलेली होती. त्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. बाकीच्यांना काही झाले नाही. देशभर हाहाकार उडाला. चौकशी बसली, आणि ठपका आला तो मुंबईच्या प्रयोगशाळेवर व हाफकिनवर. त्याला पद सोडावे लागले. परंतु कागदपत्रे नीट तपासली तेव्हा निराळेच चित्र दिसू लागले. बाटली उघडण्याचा चिमटा त्या दिवशी मलकवालातच मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. मातीत धनुर्वाताचे जंतू असतात हे आपण जाणतोच. सर रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिनची बाजू उचलून धरली, आणि १९०७ साली तो दोषमुक्त झाला. पुढे १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्याचेच नाव देण्यात आले. तीच आजची हाफकिन संस्था.

वाचकहो, मलकवालची गोष्ट येथे मुद्दाम सांगितली. लस टोचल्यावर काही बिघडले तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. पहिला प्रश्न, बाटलीतले औषध कसे होते? दुसरा प्रश्न, ते देणाऱ्या हाताने कसे दिले? हे दोन प्रश्न एकत्र कालवले की निरपराध औषध बदनाम होते आणि खरी चूक तशीच राहते. आणि दुसराही एक बोध त्यात आहे. मेलेल्या १९ माणसांची नोंद बाटलीच्या आकड्यासह ठेवलेली होती, म्हणूनच तर पाच वर्षांनी का होईना, सत्य हाती लागले. नोंदच नसती तर भांडण मात्र उरले असते.

गाठीचा रोग पुरता गेलेला नव्हता तोच १९१८ साल उजाडले. पहिले महायुद्ध संपत आले होते. त्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीत काम करणाऱ्या शिपायांना ताप येऊ लागला. पावसाळ्यात तो जरा निवळला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दसपट जोराने उलटला. आपल्या लोकांनी त्याला 'मानमोडी' हे नाव दिले. अंग मोडून येई, मान वर धरवत नसे, आणि धडधाकट तरुण माणूस चार दिवसांत जाई. हाच इन्फ्लुएंझा, म्हणजे आजचा फ्लू. हिंदुस्थानात त्याने सव्वा कोटीच्या वर माणसे नेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

मराठवाडा त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नांदेडवरून सिकंदराबाद-मनमाड रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली होती. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग, आणि बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १९११ साली लातुरास पोचली होती. रेल्वेने कापूस गेला, धान्य गेले, आणि माणसांबरोबर रोगराईही आली. खानेसुमारीचे आकडे पाहा. १९११ साली हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३३ लाख होती. १९२१ साली ती सुमारे १ कोटी २४ लाखांवर उतरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढावयाची ती नऊ लाखांनी घटली. त्यात दुष्काळ होता, प्लेगही होता, परंतु मानमोडीचा घाव सर्वांत मोठा होता. तेव्हा या तापावर लस नव्हती. तो कशाने होतो हेसुद्धा कोणास ठाऊक नव्हते.

ते समजावयास आणखी पंधरा वर्षे लागली. १९३३ साली लंडनमध्ये तिघा संशोधकांनी मनुष्याच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढला. अमेरिकेत थॉमस फ्रान्सिस आणि जोनास साल्क यांनी कोंबडीच्या अंड्यात तो विषाणू वाढवून, मारून, त्याची लस केली. १९४३ मध्ये सैनिकांवर तिची परीक्षा झाली आणि १९४५ मध्ये ती सामान्य नागरिकांसाठीही मंजूर झाली. परंतु हा विषाणू बहुरूप्यासारखा सोंगे बदलतो. त्यामुळे गेल्या वर्षीची लस यंदा पुरेल अशी खात्री नसते. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व सप्टेंबरात, पुढील हंगामाच्या लशीत कोणते विषाणू घ्यावेत ते सुचवते. म्हणून देवीची लस जन्मात एकदोनदा, तर फ्लूची लस दरवर्षी, असा फरक आहे. दरवर्षी दंडात सुई घ्यावयाची म्हटली म्हणजे सुई कोठे टोचली जाते या गोष्टीला महत्त्व आलेच.

आपल्याकडे फ्लूचे नाव घरोघर पोचले ते २००९ साली. त्या वर्षी ३ ऑगस्टला पुण्यात एका चौदा वर्षांच्या मुलीचा स्वाइन फ्लूने मृत्यू झाला. या साथीतला तो देशातील पहिला मृत्यू. २०१० मध्ये भारतातच तयार झालेल्या लशी बाजारात आल्या. त्यांतली एक पुण्याच्या सीरम संस्थेची, नाकात फवारावयाची होती, आणि दुसरी दंडात टोचावयाची. पुढे २०१५ सालच्या साथीनंतर महाराष्ट्रात गरोदर माता, तसेच मधुमेह, रक्तदाब असे जुने दुखणे असलेली माणसे यांना शासकीय दवाखान्यांतून ही लस देण्यास आरंभ झाला. म्हणजे मानमोडीच्या काळात ज्या मुलखात औषधही मिळत नव्हते, तेथे आता सुई मिळू लागली. ही प्रगती लहान नाही.

मध्यंतरीच्या काळात देवीच्या रोगाचे काय झाले तेही पाहू, कारण त्यातही दंडाच्या गाऱ्हाण्याचा भाग आहे. १९६२ साली देशात देवी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम निघाली. त्या वेळी देवी काढण्याचे एक हत्यार होते: दांडीच्या टोकाला बारीक दातांची गोल चाकती. ती कातडीवर दाबून गर्रकन फिरवावयाची. तिने दंड सोलवटून निघे, जखम मोठी होई, कित्येकदा ती चिघळे. लहान मुले तर ती दांडी पाहूनच पळत सुटत. गावात देवी काढणारा आला की आया पोरांना कणगीमागे लपवीत, असे जुनी माणसे सांगतात. पुढे त्या चाकतीच्या जागी दुतोंडी सुई आली. तिच्या दोन टोकांमध्ये लशीचा एकच थेंब राहतो, आणि पंधरा हलके टोच मारले की काम होते. दुखणे कमी, जखम लहान, लसही थोडी लागते, आणि शिकावयास सोपी. भारतातील देवीचा शेवटचा रोगी १९७५ च्या मे महिन्यात आढळला. १९७७ साली देश देवीमुक्त ठरला आणि १९८० साली सारे जग. ही सुई एकटीनेच जिंकली असे नाही. घरोघर फिरणारे हजारो कार्यकर्ते त्यामागे होते. पण दंड कमी दुखेल असे हत्यार हाती आल्यावर त्यांचे काम सोपे झाले, यात संशय नाही.

फ्लूच्या लशीला मात्र एक कठीण प्रसंग आला. १९७६ साली अमेरिकेत फ्लूची मोठी साथ येणार अशी हाकाटी झाली आणि सुमारे साडेचार कोटी लोकांना घाईघाईने लस टोचण्यात आली. साथ आलीच नाही. उलट काही थोड्या लोकांना हातापायांतील बळ जाण्याचा मज्जातंतूंचा विकार झाल्याचे आढळले, आणि डिसेंबरात ती मोहीम थांबवावी लागली. लोकांचा विश्वास डळमळला. पुढे त्या देशाने १९८६ साली कायदा केला आणि १९८८ पासून अशी व्यवस्था सुरू केली की, लशीने इजा झाल्याचे ठरले तर, दोष कोणाचा हे सिद्ध न करताही, त्या माणसाला भरपाई मिळावी. २००५ मध्ये फ्लूची लसही त्या व्यवस्थेत आली. ही व्यवस्था झाल्यामुळे एक चांगली गोष्ट घडली. लोक आपली दुखणी तारखेसह सांगू लागले आणि ती एके ठिकाणी नोंदली जाऊ लागली.

आणि त्या नोंदींतून खांद्याचे गाऱ्हाणे पुढे आले.

२००७ साली अमेरिकेतील बोडोर आणि मोंटाल्वो या दोघांनी दोन रोग्यांची हकीकत छापली. एकाला फ्लूची आणि दुसऱ्याला न्यूमोनियाची लस दिलेली होती. दोन्ही लशी निराळ्या, पण दुखणे एकच: खांदा दुखू लागला, हातातले बळ गेले, आणि ते कित्येक महिने टिकले. या संशोधकांनी मग निरोगी माणसांचे खांदे ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासले. खांद्याच्या सांध्याजवळ, स्नायूखाली, वंगणासारखा द्राव असलेली एक पातळ पिशवी असते. बैलगाडीच्या आसाला जसे वंगण, तसे हे खांद्याला. ही पिशवी खांद्याच्या टोकाच्या हाडापासून खाली तीन ते सहा सेंटिमीटरपर्यंत पसरलेली असते आणि कातडीपासून तिची खोली जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर. लस टोचण्याची नेहमीची सुई अडीच सेंटिमीटर लांब असते. आता तुम्हीच हिशोब करा. सुई दंडाच्या मांसल भागात न जाता वर, खांद्याच्या टोकाशी गेली, तर ती सरळ त्या पिशवीत शिरते. लस रक्तामांसात पसरण्यासाठी केलेली. ती पिशवीत कोंडली की तेथे दाह होतो, सूज येते, आणि खांदा आखडतो.

२०१० मध्ये याच दुखण्याच्या तेरा रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे दुखणे सुई टोचल्यापासून एका दिवसाच्या आत सुरू झालेले होते, आणि पुष्कळांनी आपण होऊन सांगितले होते की, "सुई फार वर टोचली." म्हणजे रोगी काय झाले ते जाणत होते, त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नव्हते इतकेच. २०१७ साली अमेरिकेने या दुखण्याला आपल्या भरपाईच्या यादीत जागा दिली. लस घेतल्यापासून ४८ तासांच्या आत दुखणे सुरू झालेले असावे, अशी त्यात अट आहे.

येथे शिक्षकबंधू विचारतील, हे दुखणे किती जणांना होते? प्रश्न अगदी योग्य आहे. २०१६-१७ च्या हंगामात फ्लूची लस घेतलेल्या सुमारे २९ लाख अमेरिकन लोकांच्या नोंदी तपासण्यात आल्या. लशीमुळे खांद्याच्या पिशवीला दाह होण्याचे प्रमाण दर दहा लाख माणसांमागे सुमारे आठ निघाले. नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मिळून २०११ च्या जनगणनेत सुमारे ५८ लाख माणसे होती. त्या सगळ्यांनी लस घेतली असती तर, याच प्रमाणाने, चाळीस-पन्नास जणांना हा त्रास झाला असता. लाखोंच्या मानाने ही संख्या अगदी थोडी. परंतु त्या चाळीस-पन्नासांतील प्रत्येकाला दुखते ते पूर्ण दुखते.

आणि आपल्या मुलखात खांदा म्हणजे काय, हे सांगावयास नको. लातूरच्या आडत बाजारात तुरीची, सोयाबीनची पोती हमालाच्या पाठीखांद्यावरून चढतात. नांदेडकडे कापसाच्या वेचणीत बायकांचा हात दिवसभर वरखाली होत असतो. हापशाचे पाणी, ज्वारीची काढणी, भाकरी थापणे, लेकरू कडेवर घेणे, सगळे खांद्यावर. कचेरीत बसून काम करणाऱ्याचा खांदा सहा महिने धरला तर त्याचे हाल होतात. मजुराचा धरला तर चूल विझते. म्हणून "थोडे दुखणारच" असे म्हणून हा विषय झटकून टाकता येत नाही.

मंडळी, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळण असते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा शेतकरी तुपाने-हळदीने मळतो, शेकतो, कोठे सूज आहे का ते बोटाने चाचपून पाहतो. खांदा सुजलेला आढळला तर तो काय करतो? बैल ढोंग करतो असे म्हणत नाही. आणि शेती सोडूनही देत नाही. जू कोठे घासते ते पाहतो आणि ते सरकवून बसवतो. लशीच्या बाबतीत हेच शहाणपण हवे. लस सोडावयाची नाही, दुखणाऱ्याला खोटे ठरवावयाचे नाही, सुईची जागा नीट करावयाची.

ती जागा कोणती? खांद्याचे टोकाचे हाड बोटाला लागते. तेथून दोन-तीन बोटे खाली, आणि काखेच्या रेषेच्या वर, दंडाचा जो जाड, मांसल भाग आहे, तेथे सुई सरळ जावयास हवी. चूक होते ती बहुधा दोन कारणांनी. एक, टोचून घेणारा खाली बसलेला आणि टोचणारा उभा. मग सुई आपोआप वरच्या बाजूला जाते. म्हणून दोघांनीही बसावे. दुसरे कारण, अंगावरचा कपडा. बाह्या घट्ट असल्या म्हणजे दंड उघडा होत नाही. मग गळ्याकडून चोळी किंवा सदरा खाली ओढला जातो आणि नुसता खांद्याचा माथा दिसतो. सुई तेथेच टोचली जाते. आपल्या बायाबापड्यांना चारचौघांत दंड उघडा करण्याचा संकोच वाटतो, आणि तो स्वाभाविक आहे. तेव्हा लस घेण्यास जाताना सैल बाह्यांचा कपडा घालून जावे, आणि लसीकरणाच्या जागी बायकांसाठी आडोसा असावा. ग्रामपंचायतीने एक पडदा बांधून दिला तरी पुष्कळ काम होते. नर्सताईंना "ताई, जरा खाली टोचा" असे म्हणण्यात त्यांचा अपमान नाही. दिवसभरात शेकडो दंड हाताखालून जातात, तेव्हा कोणाचाही हात चुकू शकतो. तान्ह्या बाळांच्या बहुतेक सुया मांडीत देतात; त्यांच्या बाबतीत ही भीती बाळगू नये.

लस घेतल्यावर दंड एक-दोन दिवस ठणकणे, थोडा ताप येणे हे नेहमीचे आहे. स्वतः हाफकिनलाही ते चुकले नाही. परंतु दोन दिवसांच्या आत खांदाच दुखू लागला, आठवडा उलटूनही ठणका राहिला, हात वर जाईना, तर वाट पाहत बसू नये. मोच काढणाऱ्याकडे जाऊन खांदा ओढून घेऊ नये. हाड सरकलेले नसतेच. हात गळ्यात बांधूनही ठेवू नये, त्याने सांधा आणखी आखडतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे, आणि गरज पडल्यास नांदेडच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील अस्थिरोग विभागात जावे. दाह कमी करणारी औषधे आहेत, व्यायाम आहेत. हात सैल सोडून हळूहळू झुलवणे, भिंतीवर बोटे चढवत नेणे असे साधे व्यायाम शिकून घेतले म्हणजे बहुतेकांचा खांदा काही महिन्यांत मोकळा होतो. एक सावधगिरी मात्र हवी. प्रत्येक धरलेला खांदा सुईनेच धरला असे नसते. मधुमेहाच्या माणसांचा खांदा सुईवाचूनही आखडतो. म्हणून डॉक्टरांना तारखा सांगाव्यात: लस कोणत्या दिवशी, कोणत्या हातात, आणि दुखणे केव्हापासून.

आणि ही गोष्ट नोंदवावयास लावावी. लसीकरणानंतर झालेला त्रास नोंदण्याची व्यवस्था आपल्या देशात आहे. नर्सताई किंवा वैद्यकीय अधिकारी यांना कळवले म्हणजे तो कागदावर येतो. तक्रार केली तर लशीची बदनामी होईल, असे काही चांगल्या कार्यकर्त्यांनाही वाटते. मलकवालचा इतिहास त्यांनी आठवावा. तेथे नोंदीनेच लशीला वाचवले. चाकतीच्या जागी दुतोंडी सुई आली आणि दंडाचा त्रास कमी झाला. पारावरची कुजबुज मात्र कोणत्याच सुईची जागा खाली आणू शकत नाही. ती पुढच्या वर्षी दहा माणसांना लशीपासून दूर ठेवते, आणि साथ आली म्हणजे त्यांतला एखादा दगावतो.

ज्याचा खांदा एकदा दुखावला, त्याने पुढची लस डॉक्टरांचा सल्ला घेऊन दुसऱ्या हातात घ्यावी. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात, तसेच जानेवारी ते मार्चच्या सुमारास जोर धरतो. वृद्ध, गरोदर स्त्रिया, दम्याचे व मधुमेहाचे रोगी यांना तो अजूनही झोपवतो. मानमोडीच्या काळात गेलेल्या लाखो लोकांपुढे हा पर्याय नव्हता.

शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गात एक लहानसे काम करून घ्या. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांच्या दंडावरचे वण मोजून यावयास सांगा, आणि ते कोणत्या साली, कोणी, कशाने काढले ते विचारून लिहून आणावयास सांगा. मग फळ्यावर दंडाचे चित्र काढा, खांद्याचे हाड दाखवा, त्याखाली तीन बोटे मोजा आणि तेथे खडूने एक ठिपका द्या. मुले तो ठिपका घरी जाऊन आजीला दाखवतील. पुढल्या खेपेस आजी लसीकरणाला जाईल तेव्हा बाही वर करून दंड कोठे पुढे करावयाचा, हे तिला ठाऊक असेल.